एमआरआयला जाताय? काचेपलीकडून चार गोष्टी

"ताई, मशीन आत्ता बंद आहे ना? मग मी यांच्यासोबत आत येऊ का?"

दिवसातून एकदा तरी कुणीतरी नातेवाईक दारात उभं राहून हे विचारतंच. एका हातात पेशंटची चप्पल, दुसऱ्या हातात मोबाइल, खिशात गाडीची किल्ली. आणि मी दर वेळी तेच सांगते, की मशीन बंद नाहीये. ते कधीच बंद नसतं. रात्री नाही, रविवारी नाही, लक्ष्मीपूजनाला नाही, लाइट गेली तरी नाही.

नाशिकमधल्या एका स्कॅन सेंटरवर मी टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. पेशंट मशीनच्या बोगद्यात असतो आणि मी काचेच्या या बाजूला, कॉम्प्युटरसमोर. पेशंटला भीती असते आवाजाची आणि अरुंद जागेची. मला मात्र धास्ती असते ती त्यानं फॉर्मवर न लिहिलेल्या गोष्टीची. मशीनला तुमच्याबद्दल काही ठाऊक नसतं आणि मलाही तुम्ही जेवढं सांगाल तेवढंच कळतं. हा लेख पहिल्यांदा एमआरआयला जाणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्यांसाठी तर जास्तच.

मशीन नेमकं काय करतं

एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो, एमआरआयमध्ये तो नसतो. इथे काम करतो चुंबक. आपल्या शरीरात पाणी भरपूर, चरबीही असते, आणि दोन्हींत हायड्रोजन असतो. मोठ्या चुंबकात शिरलं की हायड्रोजनच्या अणूंची केंद्रकं त्याच्या दिशेशी जुळवून घेतात. मग मशीन रेडिओ लहरींचा एक झटका देऊन त्यांना हलवतं. झटका थांबला की ती पुन्हा जागेवर येतात आणि येताना बारीकसा सिग्नल सोडतात. हा सिग्नल पकडून कॉम्प्युटर चित्र बनवतो. स्नायू, नस, मणक्यांमधली चकती, मेंदू, पाण्याची गाठ, प्रत्येकाचा सिग्नल वेगळा. म्हणूनच जे एक्स-रेमध्ये दिसत नाही ते इथे दिसतं.

चुंबकाची ताकद टेस्लामध्ये मोजतात. बहुतेक सेंटरांवर १.५ टेस्लाचं मशीन असतं, काही ठिकाणी ३ टेस्लाचं. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. हा चुंबक तारेच्या वेटोळ्यांचा असतो आणि ती वेटोळी उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असतात. एवढ्या थंडीत त्या तारेचा विरोध शून्य होतो. त्यामुळे एकदा सोडलेला वीजप्रवाह बाहेरून वीज न देताही फिरत राहतो. लाइट गेली तर फोटो निघत नाहीत, चुंबक मात्र तसाच राहतो. तो झटकन उतरवायचा म्हणजे सगळा हेलियम उडवून द्यायचा. ते फक्त जिवावर बेतलं तरच करतात, आणि त्यानंतर मशीन कित्येक दिवस बंद पडतं.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. मशीन बंद आहे असं त्याला सांगितल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. चुंबकानं सिलिंडर ओढला, सिलिंडरबरोबर तोही ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. त्यामुळे आम्ही दारात कुणाला अडवलं तर उर्मट म्हणू नका. व्हीलचेअर, स्ट्रेचर, सलाइनचा स्टँड, कुबड्या, सगळं आमचं वेगळं असतं, चुंबकाला न चिकटणारं. घरून आणलेली व्हीलचेअर दाराबाहेरच थांबते.

अपॉइंटमेंट घेताना

डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून फोन करा. "कमरेचा करायचाय" एवढ्यानं काम भागत नाही. चिठ्ठीवर 'एलएस स्पाइन' म्हणजे कमरेचा कणा असेल, 'होल स्पाइन स्क्रीनिंग' म्हणजे अख्ख्या कण्यावर एक नजरही असेल, 'विथ कॉन्ट्रास्ट' म्हणजे इंजेक्शन देऊन असेल. वेळ, पैसे आणि उपाशी राहायचं की नाही, हे सगळं त्यावरच ठरतं. चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर उत्तम.

पैशांचं म्हणाल तर एका भागाच्या साध्या एमआरआयला खासगी सेंटरवर चार-पाच हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत काहीही पडू शकतं. कॉन्ट्रास्टचे वेगळे. फोनवरच विचारून घ्या: इंजेक्शन धरून की सोडून, फिल्म धरून की सोडून. बऱ्याच ठिकाणी रात्री उशिराच्या वेळेला दर कमी असतो. माणूस चालता-फिरता असेल तर रात्री साडेदहाची वेळ घ्यायला हरकत नाही. सरकारी रुग्णालयात खर्च बराच कमी येतो, पण तारीख लांबची मिळते. धर्मादाय रुग्णालयात असाल तर सवलतीसाठी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटा आणि रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा. बिल झाल्यावर भेटून फारसा उपयोग होत नाही.

"तुमचं मशीन किती टेस्लाचं?" असं विचारणारे हल्ली वाढलेत. गुडघा, कंबर, मान यांना १.५ टेस्ला पुरतं. डॉक्टरांनी मुद्दाम ३ टेस्ला लिहिलं असेल तरच ते शोधत फिरा. 'ओपन एमआरआय' म्हणजे बाजूनं उघडं असलेलं मशीन. तिथे घुसमट कमी होते, पण त्याचा चुंबक सहसा कमी ताकदीचा असतो आणि चित्रही तितकं बारकाईचं येत नाही. पेशंट अंगानं स्थूल असेल तर फोनवरच वजन सांगा. बोगद्याचा व्यास ६० सेंटिमीटर असतो, नव्या मशीनमध्ये ७०. इथे लाजून उपयोग नाही. इथवर येऊन परत जाणं जास्त जिवावर येतं.

लपवू नका

सेंटरवर पोचलात की एक फॉर्म हातात येतो. लोक तो बँकेच्या फॉर्मसारखा भरतात: सगळीकडे 'नाही', 'नाही', 'नाही' आणि खाली सही. मी तोच फॉर्म हातात घेऊन सगळं पुन्हा तोंडी विचारते, कारण फॉर्मची भाषा एक आणि माणसाची दुसरी.

एक उदाहरण सांगते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला चाळिशीचा माणूस, मानेच्या एमआरआयला आलेला. फॉर्मवर 'डोळ्यात धातूचा कण गेला आहे का?' यापुढे 'नाही'. मी विचारलं, "दादा, काम काय करता?" म्हणाले, "ग्राइंडिंग." "कधी डोळ्यात काही गेलं होतं?" "कचरा तर रोजच जातो, ताई. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सुईनं काढला होता." त्यांच्या लेखी तो 'कचरा' होता, 'धातूचा कण' नव्हता. त्यांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला तर उजव्या डोळ्याच्या खोबणीत तीळभर पांढरा ठिपका. चुंबकात तो कण हलला असता तर डोळा जाण्याची भीती होती. एमआरआय रद्द झाला आणि डॉक्टरांनी दुसरा मार्ग काढला. लेथ, वेल्डिंग, ग्राइंडिंग, फॅब्रिकेशन यातलं काही काम तुम्ही केलं असेल, अगदी वीस वर्षांपूर्वी, तरी ते सांगा.

बाकी काय काय सांगायचं? पेसमेकर तर सर्वांत आधी. नवे काही पेसमेकर एमआरआयला चालतात, पण ठराविक अटींवर, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून आणि पेसमेकर एमआरआयच्या मोडवर लावून. जुने चालत नाहीत. ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूच्या रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप, डोक्यातलं पाणी काढायची नळी, इन्सुलिनचा पंप, दंडावर चिकटवलेला साखर मोजायचा सेन्सर, यातलं काहीही असेल तर सांगा. हृदयात स्टेंट असेल तर बहुतेक वेळा अडचण येत नाही, पण डिस्चार्ज कार्ड हवंच. ऑपरेशननंतर मिळालेलं छोटं 'इम्प्लांट कार्ड' लोक फाइलच्या कप्प्यात विसरून जातात. आज ते शोधून आणा.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: "पायात रॉड आहे, होईल का?" होतो. हाडात घट्ट बसलेले रॉड, प्लेट, स्क्रू, बदललेला गुडघा, बदललेला खुबा यांना सहसा धोका नसतो. फक्त त्यांच्या आजूबाजूचं चित्र काळं-वेडंवाकडं येतं. म्हणजे उजव्या गुडघ्यात धातू असेल आणि मेंदूचा एमआरआय असेल तर काहीच बिघडत नाही. दातांतलं सिमेंट, कॅप, रूट कॅनल चालतं. दातांच्या तारा चालतात, पण चेहऱ्याची चित्रं बिघडवतात. कॉपर-टी बसवली असेल तरी चालते, पण सांगायचीच.

दिवस गेले असतील किंवा गेल्याची शंका असेल तर बायकांनी ते बिनधास्त सांगावं. सासूबाई शेजारी उभ्या आहेत म्हणून एकजण गप्प बसली होती. कपडे बदलायच्या खोलीत तिनं मला हळूच सांगितलं. तेव्हापासून हा प्रश्न मी त्या खोलीतच विचारते. पहिल्या तीन महिन्यांत फार गरज असेल तरच एमआरआय करतात, आणि कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन गरोदरपणात शक्यतो टाळतात.

घरून निघताना

साध्या एमआरआयला उपाशी राहावं लागत नाही. पित्ताशय-स्वादुपिंडाच्या तपासणीला चार ते सहा तास पोट रिकामं हवं. कॉन्ट्रास्ट असेल तर सेंटर सांगेल तसं. बीपीची, थायरॉइडची, फिटची गोळी चुकवू नका. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी राहायचं असेल तर डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. आणि निघण्याआधी पाणी बेतानंच प्या. अर्धा तास हलायचं नसतं आणि दहाव्या मिनिटाला लघवी लागली की सगळं पहिल्यापासून.

कपडे साधे, सैल, सुती. तरी बहुतेक ठिकाणी गाऊन देतातच. जरीची साडी नेसून येऊ नका, जरीत धातूचा तार असतो आणि रेडिओ लहरींनी तो तापू शकतो. घामाचा वास येऊ नये म्हणून चांदीचा अंश घातलेले खेळाचे टी-शर्ट मिळतात, त्यांचंही तेच. दुखण्यावर लावलेली औषधी पट्टी असेल तर सांगा, काहींच्या पाठीला धातूचा पातळ पत्रा असतो.

आता दागिने. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे खरं. पण ते तापू शकतं, चित्र बिघडवतं, आणि अडकवणीच्या फासात, आतल्या तारेत कुठला धातू आहे ते सोनारालाच माहीत. म्हणून सगळं काढायचं. कानातलं, चमकी, पाटल्या, अंगठ्या, पैंजण. काचेचा हिरवा चुडा राहू द्या. पदराच्या, ब्लाउजच्या सेफ्टी पिना मात्र मोजून काढा. 'एकच होती' म्हणणाऱ्या बाईच्या निऱ्यांत हमखास दुसरी सापडते. केसांतल्या पिना, आकडे, क्लिपा. ब्राचे हूक आणि तार. पुरुषांनी जानव्याला बांधलेली तिजोरीची किल्ली, करदोट्यातला ताईत, बेल्ट, आणि तंबाखूवाल्यांनी चुन्याची डबी. ही डबी लोक शेवटपर्यंत सोडत नाहीत. पाकिटातलं एटीएम कार्डही बाहेरच ठेवा, नाहीतर त्यावरची चुंबकीय पट्टी बिघडू शकते. कवळी काढा, कानाचं मशीन काढा. काजळ, मस्कारा पुसा, डोळ्यांच्या रंगांत कधीकधी धातूचे कण असतात. अंगावर मोठा गोंदवलेला टॅटू असेल तर सांगा, आणि आत तिथे चटका बसल्यासारखं वाटलं तर हातात दिलेली घंटी लगेच दाबा. हातावरच्या साध्या मेंदीचा प्रश्न नाही.

मंगळसूत्राचा विषय वेगळा. लग्नाला पन्नास वर्षं झाली, एकदाही गळ्यातून काढलं नाही, असं सांगणाऱ्या आज्या येतात. डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. माझ्या टेबलाच्या खणात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि हळकुंडांची पुडी असते. दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालते आणि मंगळसूत्र त्यांच्याच सुनेच्या हातात देते. हळकुंडात धातू नाही, आणि आजींचं मनही राहतं. जोडवी मात्र काही बायकांची बोटं सुजून अडकलेली असतात. साबण लावून बघतो. नाहीच निघाली आणि पायांचा स्कॅन नसेल, तर कापडी पट्टीनं गुंडाळून, बोटं एकमेकांना लागू न देता काम करता येतं. पण ते ठरवायचं टेक्निशियननं, तुम्ही मोज्यात लपवून नाही.

सोन्याची जोखीम नको असेल तर दागिने घरीच ठेवून या. आमच्याकडे लॉकर आहे, सगळीकडे असतोच असं नाही.

आत गेल्यावर

खोली गार असते. मशीनला ती तशीच लागते. पांघरूण मागा, मिळतं.

टेबलावर झोपवल्यावर ज्या भागाचा स्कॅन आहे त्यावर एक साधन बसवतात, त्याला कॉइल म्हणतात. डोक्यासाठी ती हेल्मेटच्या जाळीसारखी असते, आणि पहिल्यांदा बघून लोक दचकतात. त्या जाळीवर बऱ्याचदा तिरका आरसा लावलेला असतो. त्यातून पायांकडचं दार आणि काचेमागे बसलेली मी दिसते. गुडघ्याचा स्कॅन असेल तर पाय आधी जातात आणि डोकं बाहेर राहतं. कंबर आणि मान असेल तर डोकं आत जातं.

कानात बोळे, वर हेडफोन, हातात रबरी फुगा. हा फुगा म्हणजे घंटी. काही वाटलं तर दाबा, मी लगेच बोलते, गरज असेल तर तुम्हाला दोन मिनिटांत बाहेर काढते. मात्र 'अजून किती वेळ?' विचारायला तो दाबू नका. माझं लक्ष त्या क्षणी स्क्रीनवर असतं, आणि तुम्ही बोललात की ती चित्रांची मालिका पुन्हा घ्यावी लागते.

हात पोटावर एकमेकांत गुंफू नका. इथे बरेच जण नमस्कार केल्यासारखे हात जोडून पडतात. हाताला हात, मांडीला मांडी लागली की शरीराचं एक वेटोळं तयार होतं, रेडिओ लहरींनी त्यात प्रवाह फिरू शकतो आणि टेकलेल्या जागी भाजू शकतं. म्हणून आम्ही मध्ये उशा खुपसतो. त्या काढू नका.

मग आवाज. धडधड, टकटक, मध्येच भोंग्यासारखा लांब सूर, मध्येच ड्रिल मशीन. चित्राची जागा ठरवण्यासाठी चुंबकात आणखी काही वेटोळी असतात. त्यांतला प्रवाह क्षणाक्षणाला उलटसुलट होतो, ती थरथरतात आणि हा गोंधळ होतो. आवाज शंभर डेसिबलच्याही वर जाऊ शकतो, म्हणून कानातले बोळे नीट खोल बसलेत का ते बघून घ्या. एक आवाज म्हणजे एक मालिका, दोन ते सहा मिनिटांची. मध्ये शांतता पसरते आणि लोकांना वाटतं झालं. झालेलं नसतं. त्या शांततेत लोक पाठ खाजवतात, मान सरळ करतात, आणि पुढची सगळी चित्रं आधीच्यांशी जुळत नाहीत. मी माइकवरून "झालं" म्हणेपर्यंत तसेच पडून राहा. टेबल थोडं हादरतं, अंग जरासं गरम वाटतं, कधी एखादा स्नायू आपोआप फडफडतो. हे सगळं नेहमीचं आहे.

गुडघा किंवा मेंदूचा साधा स्कॅन वीस-पंचवीस मिनिटांत होतो, कंबरेचाही जवळपास तेवढाच. कॉन्ट्रास्ट असेल तर पाऊण तास धरा. वेळेबद्दल कुरकुर करणाऱ्यांना मी सांगते, की ३ जुलै १९७७ ला माणसाच्या शरीराचा पहिला स्कॅन झाला तेव्हा छातीच्या एका चित्राला पाच तासांच्या आसपास लागले होते.

पोटाच्या स्कॅनला "श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा" अशी सूचना येते. दहा-वीस सेकंदांचा प्रश्न असतो. मानेच्या स्कॅनला गिळू नका म्हणतो, कारण प्रत्येक आवंढ्याला गळा वर-खाली होतो. एकदा एक आजी आल्या, गळ्यात तुळशीची माळ, अगदी शांत, भीती नावाला नाही. मानेचा स्कॅन लावला, पहिली मालिका बघते तर पूर्ण पुसट. दुसरीही तशीच. आत जाऊन विचारलं, "आजी, हलताय का?" "नाही गं बाई, नुसतं विठ्ठल विठ्ठल म्हणतेय." ओठ आणि जबडा चाललेला. मी म्हटलं, "मनात म्हणा, आजी." "मनातलं त्याला ऐकू जाईल का या आवाजात?" "जाईल." पुढचे सगळे फोटो सुरेख आले.

जीव घुसमटणाऱ्यांसाठी

लिफ्टमध्ये भीती वाटते, खिडकी बंद खोलीत झोप येत नाही, अशी माणसं असतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, म्हणजे तुम्हाला गर्दीची वेळ देणार नाही. टेबल आत सरकायच्या आधीच डोळे मिटा आणि वर दुमडलेला रुमाल ठेवून घ्या. आत गेल्यावर डोळे उघडून छत नाकाशी दिसलं की घबराट सुरू होते. बोगदा दोन्ही बाजूंनी उघडा असतो, हवा खेळती असते, हे आत जायच्या आधी एकदा स्वतः बघून घ्या. धातू तपासून झाला की एका नातेवाइकाला खोलीत बसवता येतं. त्यानं पायाला हात लावून बसलं तरी धीर येतो. आवाज मोजणं हा माझा आवडता उपाय: एका मालिकेत किती ठोके पडतात ते मोजत राहायचं. एवढ्यानंही नाही झालं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं झोपेचं सौम्य औषध देऊन स्कॅन करतात. त्या दिवशी गाडी चालवत घरी जायचं नाही, कुणाला तरी बरोबर आणायचं.

लहान मुलांना बहुतेकदा भूल द्यावी लागते. त्यासाठी भूलतज्ज्ञ हवा आणि पोट रिकामं हवं: जेवण सहा तास आधी, आईचं दूध चार तास, पाणी दोन तास आधी बंद. "रडतोय म्हणून दोनच बिस्किटं दिली" असं आई सांगते आणि सगळं पुढे ढकलावं लागतं. हे आम्हाला लपवून पुढे जाऊ नका, भुलीत उलटी फुप्फुसात गेली तर जिवावर येतं. आणि मुलाच्या कमरेचा करदोटा, पायातले वाळे घरीच काढून आणा.

इंजेक्शनवाला एमआरआय

याला लोक 'डाय' म्हणतात. त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो, शरीराला बाधू नये अशा रेणूत बांधलेला. साठ किलोच्या माणसाला साधारण १२ मिलिलिटर, शिरेतून. गाठ, संसर्ग, सूज कुठे आहे ते त्यानं ठळक दिसतं. सीटीच्या इंजेक्शनमध्ये आयोडीन असतं. हे औषध वेगळं आहे, पण सीटीच्या वेळी पुरळ किंवा धाप लागली असेल तर तेही सांगा. इंजेक्शन जाताना हात गार पडतो, एखाद्याला तोंडात धातूची चव येते, क्वचित मळमळतं. नंतर अर्धा तास बसवून ठेवतो, पुरळ वगैरे येत नाही ना ते बघायला.

किडनीचा त्रास असणाऱ्यांनी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट आणायचा. किडनी फारच कमी काम करत असेल तर या औषधाच्या काही प्रकारांनी कातडी कडक होण्याचा दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो, त्यामुळे अशांना ते जपूनच देतात. अंगावर पाजणाऱ्या आईला बहुधा पाजणं थांबवावं लागत नाही, तरी डॉक्टरांना विचारून घ्या. आणि ऐनवेळी "डाय लागेल" असं सांगितलं तर चिडू नका. कधीकधी साध्या चित्रात काहीतरी दिसतं म्हणूनच रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारे डॉक्टर, ते मागतात. तुमची सही घेतल्याशिवाय कुणी देत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

झाल्यावर लगेच जेवा, कामाला जा, काही पथ्य नाही. टेबलावरून मात्र झटकन उठू नका, अर्धा तास आडवं राहिल्यावर चक्कर येते. आणि कवळी घेऊन जा! माझ्या खणात हळकुंडांशेजारी एक खालची कवळी दोन वर्षं पडून आहे.

"काय दिसलं हो मॅडम?" असं मला विचारू नका. चित्रं मी काढते, पण वाचतो रेडिओलॉजिस्ट, आणि तुमच्या दुखण्याशी जोडतो तुमचा डॉक्टर. माझ्या तोंडावरून अंदाज लावणारेही असतात. त्या दिवशी मी नुसतीच दमलेली असते.

रिपोर्ट त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मिळतो. तो घरी जाताना रिक्षात उघडून मोबाइलवर शब्द शोधू नका, निदान कमरेचा तरी नको. त्यात 'डिस्क बल्ज' (चकती फुगलेली), 'डीजनरेटिव्ह चेंजेस' (झीज) असं बरंच काही लिहिलेलं असतं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्के लोकांच्या. केस पांढरे होतात तसंच ते. तुमची कंबर त्या बल्जमुळेच दुखतेय की नाही, हे तुम्हाला तपासून बघितलेला डॉक्टरच सांगू शकतो.

फिल्मबरोबर सीडी किंवा लिंक मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीवर सगळी, आणि ऑपरेशन करणारे डॉक्टर बहुधा तीच मागतात. पुढच्या वेळी स्कॅनला येताना जुनी फिल्म आणि रिपोर्ट आणा. गाठ वाढली की कमी झाली हे तुलना केल्याशिवाय कळत नाही. फिल्मची घडी घालू नका आणि गादीखाली तर मुळीच ठेवू नका. गेल्या महिन्यात एका काकांनी तीन वर्षांपूर्वीची फिल्म आणली. तिच्या मधोमध आडवी पांढरी चीर, बरोबर चौथ्या मणक्यावर. डॉक्टर दोन मिनिटं ती दिव्यासमोर धरून बघत होते, शेवटी त्यांनी सीडी मागितली. काका म्हणाले, "ती का? ती नातवानं पतंगाच्या शेपटाला लावली."